वाळ्याच्या ताट्या

बाबांना लकवा झाला त्या हिवाळ्यात आम्ही मदन महल वस्तीतल्या आमच्या घरात खोली गरमही करणारा आणि गारही करणारा एसी लावला. डॉक्टर म्हणाले होते, थंडीत यांचं अंग आखडेल आणि उन्हाळा तर अजिबात झेपणार नाही, खोलीचं तापमान सांभाळा. हिवाळाभर यंत्र शहाण्यासारखं वागलं. मी आईला बजावून ठेवलं होतं, ‘याला हात लावायचा नाही.’ रिमोटसुद्धा तिच्या हाती देत नसे. घरात यंत्रातलं कळतं ते फक्त मला, असा माझा तोरा होता.

मे महिन्यात त्याचं बिनसलं. सकाळी छान गार हवा यायची, बारानंतर कोमट, मग बंदच. मी ऑफिसातून फोन केला की आई म्हणायची, ‘‘अंग तापून राहिलं यांचं. ओल्या फडक्यानं पुसून राहिली मी.’’ संध्याकाळी येऊन पाहावं तर बाबा डोळे मिटून पडलेले, ओठ सुकलेले. वाचा गेलेली, तक्रार तरी कशी करणार? यांना आपण उन्हाळ्यातच गमावणार, असं वाटायचं आणि ती भीती मी रागानं बाहेर काढायची.

जाळी धुतली. स्टॅबिलायझर बदलला. रिमोटवर चुकून गरम हवेचं, सूर्याचं चित्र तर राहिलं नाही, ते दहादा पाहिलं. घमापूरचा एसीचा मिस्त्री दोनदा आला, दोन्ही वेळा सकाळी आठला, आणि दोन्ही वेळा एसी झकास चालला. ‘‘दीदी, गैस तो बराबर है,’’ तो म्हणाला. त्याला मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते.

शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, भर दुपारी मिस्त्रीला बरोबरच घेऊन आले आणि बाहेरच्या जिन्यानं आम्ही थेट गच्चीवर गेलो.

तिथं आई होती. डोक्यावर ओला पदर, हातात बादली. एसीच्या बाहेरच्या डब्याला चारही बाजूंनी आमच्या जुन्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या, साडीच्या काठांनी घट्ट बांधलेल्या. ती त्यांच्यावर पाणी ओतत होती.

‘‘अम्मा, इसको साँस कहाँ से मिलेगी?’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘कमरे की गर्मी इसी को तो बाहर फेंकनी है.’’

आई माझ्याकडे पाहत म्हणाली, ‘‘उन्हात उभं राहते ना बिचारं. कूलरले नव्हतो का लावत आपण ताट्या? ऊन वर आलं की बांधते, संध्याकाळी सोडते. तुले सांगितलं असतं तं तू हसली असती.’’

म्हणजे रोज दुपारी, दुखऱ्या गुडघ्यांनी, तो सगळा जिना चढून. तिला मिठी मारायला हवी होती मी. पण तोंडून निघालं भलतंच.

‘‘बाबाले मारून टाकायले निघाली होती का तू?’’

आईनं बादली खाली ठेवली. खाली बसून तिनं एकेक गाठ स्वतःच सोडली. गाठी ओल्या होत्या, म्हणून वेळ लागला. मिस्त्री तोंड फिरवून उगाच पाईप तपासत राहिला.

तासाभरात खोली गार झाली. बाबांनी डोळे उघडले, आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. नजर तिथून हलेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई फरशीवर बसली होती, बादली शेजारीच.

‘‘आई, चुकलं माझं. चाल ना, बाबा वाट पाहून राहिले तुयी.’’

ती उठली, माझ्यामागे खोलीच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी थांबली.

‘‘इथूनच पाहते,’’ ती म्हणाली. ‘‘मी आत आली तं पुन्हा बिघडंल काही.’’

बाबांनी चांगला हात उचलून तिच्या दिशेनं धरला होता.