भिंतीतला जाम झालेला कॉक

आंजी गावातल्या आमच्या घरातला कमोड ह्यांनी स्वतः बसवला होता, सासूबाईंचे गुडघे वाकेनासे झाले तेव्हा. हे, म्हणजे माझा नवरा. मागच्या हिवाळ्यात शेतातून येता येता छातीत कळ आली आणि रस्त्यातच गेले. आता घरात आम्ही दोघीच. सासूबाईंना विसर पडत चाललाय. लेक गेला हे त्यांच्या लक्षातच राहत नाही. सुरुवातीला मी खरं सांगायचे. दर वेळी त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारखा टाहो फोडायच्या. मग मी सांगणं सोडून दिलं.

उन्हाळ्यात कमोडची टाकी सारखी वाहायला लागली. गच्चीवरची टाकी भरावी तर दुपारपर्यंत रिकामी. भिंतीतला छोटा कॉक बंद करायला गेले, तर खाऱ्या पाण्यानं तो पार जाम झालेला. जोर लावला तशी मूठच हातात आली. वर्ध्याचा प्लंबर लग्नसराईत कुठे अडकला होता, फोनच उचलेना. शेवटी मी ह्यांची हत्यारांची पेटी उघडली. ते गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

"तू काऊन करून राह्यली?" सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "त्याले सांग ना. तो करून देते."

"पाहते मी, आई. तुम्ही बसा."

गच्चीवरच्या टाकीचा वॉल बंद केला, स्वयंपाकघरातला नळ सोडून पाइपातलं पाणी काढून टाकलं. सांध्यावर तेल सोडलं. भिंतीतला पाइपच तुटला तर काय, ही भीती होतीच. पाना लावून सगळं अंग टाकलं, तेव्हा कुठे कॉक करकरत फिरला आणि गढूळ पाणी पायांवर आलं.

जुना कॉक घेऊन गावातल्या दुकानात गेले, तसाच नवा आणला. भिंतीतल्या पाइपाच्या आट्यांमध्ये जुन्या पांढऱ्या टेपचे तुकडे अडकले होते. ती टेप, सांधा गळू नये म्हणून, ह्यांच्या बोटांनी गुंडाळलेली. काढल्याशिवाय नवा कॉक बसणार नव्हता. सुईनं एकेक तुकडा उकरताना मला समोरचं दिसेनासं झालं.

नवी टेप मी उलटी गुंडाळली. कॉक बसवताना ती सगळी गोळा होऊन बाहेर आली. पुन्हा काढला, पुन्हा गुंडाळली. पाना आवळत असताना मागून हळू आवाज आला.

"पाना तुह्या हातात हाये." सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "म्हंजे तो नाई ना वो आता?"

मला खोटं बोलवेना. मी मान हलवली. वाटलं, आता टाहो फोडतील. त्या भिंतीला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "जाय, पानी सोडून ये. मी पाह्यतो गयते काय."

वॉल उघडून खाली आले, तर त्या कमोडवर बसून, वाकून, नव्या कॉकखाली तळहात धरून होत्या. थेंबही पडत नव्हता. तरी हात काढत नव्हत्या.

त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाक केला नाही. मुरमुरे पुढ्यात घेऊन अंगणात बसलो. त्या लेकाच्या लहानपणाचं सांगत राहिल्या, आणि ते गेल्यापासून पहिल्यांदाच मला कुणाच्या तरी सोबतीनं रडता आलं.