पाटकऱ्याने विचारलं असतं

राहुरीकडच्या आमच्या पाणी वापर संस्थेत कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या एक म्हातारा पाटकरी लावायचा. कोणी नुसता गट नंबर सांगितला तर विचारायचा, "काय लावलंय?" मगच दिवस सांगायचा. हे काम मी संगणकावर आणलं.

माझी नोकरीची सगळी वर्षं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत गेली. तिथे एकाच नावाची दोन फंक्शन, म्हणजे एकेक काम करणारे प्रोग्रॅमचे तुकडे, चालतात. हातात काय दिलंय ते पाहून त्यातलं योग्य ते निवडलं जातं. त्याच सवयीने पायथन या दुसऱ्या भाषेत मी 'पाळी' नावाची दोन लिहिली. पहिलं नुसत्या नंबरावर पीक विचारणारं, दुसरं नंबर आणि पीक दोन्ही घेणारं. पायथनमध्ये एका नावाचं एकच राहतं; त्याने गुपचूप दुसरं ठेवलं, पहिलं पुसलं. आता नुसता नंबर दिला की प्रोग्रॅम अडायचा. का अडतो ते शोधायचा मला कंटाळा. पीक दिलं नसेल तर 'ऊस' धर, असं लिहून मोकळा झालो. अडणं थांबलं.

एका बाईंचं कांद्याचं रोप होतं. त्यांना उसाची पाळी लागली, म्हणजे बारा दिवसांनी. कांद्याला तेवढा दम निघत नाही; पाण्यावाचून रोप जळालं. संस्थेच्या ओट्यावर सगळ्यांसमोर त्या पाटकऱ्याला म्हणाल्या, "बाबा, लई वय झालं तुमचं! पाळ्या इसरायला लागले तुमी!"

"यादी म्या न्हाई केली, बाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "बाबांनी पीक लिहून दिलं नव्हतं."

खोटं नव्हतं ते. त्यांच्या वहीत पीक कधीच नसायचं, डोक्यात असायचं. पुढच्या पाळीला संस्थेने चारीच्या, म्हणजे शेतांकडे पाणी नेणाऱ्या छोट्या पाटाच्या, दाराची चावी त्यांच्याकडून काढून घेतली.

त्याच आठवड्यात मी दोन्हींचं एक फंक्शन केलं: पीक नसेल तर आधी विचार. पाच मिनिटं लागली. कोणाला सांगितलं नाही.

तीन वर्षांनी, परवा, बाबांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. ते तंबाखू मळत ऐकत होते.

"आता इचारतं व्हय ते?"

"हो बाबा."

"बरं झालं. पर मला कशाला सांगतो? मला म्हाईतच हुतं. ओट्यावर बोलला हुता ना, तिथंच सांग. ती बाई बी आसंल."

सोमवारी त्याच ओट्यावर पाळीची बैठक आहे. बोलताना जीभ अडेल, म्हणून हे लिहून काढलंय. तिथे वाचणार आहे.