नव्या ओट्यावर आईचा हात

मी शाळेत विज्ञान शिकवते. घरच्या ग्रुपवर कुणी "बघा काय चमत्कार" म्हणून काही टाकलं की त्यातली लबाडी सगळ्यांत आधी मीच दाखवून देते. मावशी मला त्यावरून 'फौजदार' म्हणते. त्यामुळे हे लिहायची लाज वाटतेय खरं तर... पण दुसरीकडे कुठे विचारू?

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. मी, आई आणि धाकटा भाऊ विनायक. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे. मागच्या गणपतीनंतर आईला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तिला समजतं सगळं, पण सांगता येतं ते फक्त 'हो' आणि 'नाही', तेही मानेनं. गल्लीच्या टोकापासून मला हाक मारणारी बाई ही! आणि तिचा आवाज आमच्याकडे कशातच रेकॉर्ड केलेला नाही. मोबाइल समोर धरला की ती पदर तोंडाला लावून गप्प बसायची.

तिची चाकाची खुर्ची आत जावी म्हणून दिवाळीत आम्ही स्वयंपाकघराची भिंत पाडून ते मोठं केलं. काळा ग्रॅनाइटचा ओटा, सरकती खिडकी. त्या ओट्यावर आईनं आजवर साधा चहासुद्धा केलेला नाही.

उन्हाळ्यात वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, करायची वेळ आली. आमच्याकडे मसाला घरी भाजायचा आणि डंकावरून, मसाल्याच्या गिरणीतून, कुटून आणायचा, अशी पद्धत. आईनं प्रमाण कधी लिहून ठेवलं नाही. विचारलं तर म्हणायची, "अंदाजानं घालायचं." मला कसला आलाय अंदाज! म्हणून एका रविवारी दुपारी मी इंटरनेटवर चटणीचे व्हिडिओ बघत बसले. कुणी त्यात चीज घालत होतं, कुणी मायक्रोवेव्हमध्ये मिरच्या भाजत होतं. हसत हसत पुढे सरकवत होते.

मग तो व्हिडिओ आला. चॅनेलला नाव नव्हतं, नुसते आकडे. चेहरा दिसत नव्हता, फक्त कढई आणि दोन हात. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण. खोबरं परतून झालं की उलथनं कढईच्या काठावर दोनदा आपटायची सवय. व्रण आईचा, सवयही आईचीच. तेवढ्यात आवाज आला...

"आक्के, खिडकी उघड की. ठसका बसंल."

घरात थोरली म्हणून आई मला आक्का म्हणते. फोनमधल्या हातांमागे आमची सरकती खिडकी होती. खाली आमचा काळा ओटा होता.

मी फोन घेऊन आईच्या पलंगाशी गेले. तिनं पूर्ण व्हिडिओ पाहिला. मी विचारलं, "आई, ही तूच हाईस?" तिनं मान हलवली – हो. "कवा केलंस?" हो-नाहीच्या पलीकडचं काही विचारलं की तिची वाट बंद होते. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती घाबरलेली नव्हती.

त्यानंतर रोज चार वाजता मी शाळेतून आले की ती डावा हात पुढे करायची. फोन हवा. चौथ्या दिवशी व्हिडिओतलं उलथनं आपटलं आणि चादरीवर तिच्या उजव्या हाताचं बोट हललं. मला भास वाटला. पण फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीनंही ते पाहिलं. म्हणाली, जे काय दाखवताय ते चालू ठेवा.

शनिवारी मी विनायकला व्हिडिओ दाखवला. आधी त्याचा चेहरा उतरला, मग तो चिडला. "आक्का, एआयनं करत्यात हे आता. उद्या आईच्या आवाजात कुणाला बी फोन लावतील. रिपोर्ट कर पैला."

दुसऱ्या कुणाला मीही हेच सांगितलं असतं. त्यानं रिपोर्ट केला. मग मी, माझ्या हातानं, केला. डाउनलोड करून ठेवायचं सुचलंच नाही. रोज जागच्या जागी सापडत होता ना!

सोमवारी चार वाजता आईनं हात पुढे केला. व्हिडिओ नव्हता. चॅनेलही नव्हतं.

विनायकनं घरभर कॅमेरा शोधला, फोन तपासून आणला. काही निघालं नाही. नव्या स्वयंपाकघराचा फोटो आम्ही कुठेच टाकलेला नाही. मी त्या व्हिडिओच्या ॲपवाल्यांना मेलवर मेल केले, उत्तर नाही. आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं मान हलवली – नाही. मी व्हिडिओ लपवलाय असं तिला वाटतं. आठ महिने जिच्या हातून जेवली, त्या माझ्याकडे ती आता बघत नाही. घास पुढे केला की तोंड फिरवते. दुसऱ्या बायकांचे चटणीचे व्हिडिओ दाखवले तर डोळे मिटून घेते. बोट पुन्हा हललेलं नाही.

हे कसं घडलं ते मला माहीत नाही आणि आता विचारायचंही नाही. तुमच्यापैकी कुणी तो व्हिडिओ पाहिला असेल, चुकून सेव्ह झाला असेल, तर पाठवा.

खोटा असला तरी चालेल.