गायीच्या बटणावर म्हशीचं दूध

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. सत्काराला उभा राहून आमच्या दूध संस्थेची गोष्ट सांगताना इथवर आलो की विषय बदलायचो.

मी गावच्या संस्थेचा सचिव होतो. दूध तपासायचं यंत्र मीच आणलं. तोवर माणूस बघून फॅट लागायची, पुढाऱ्याच्या दुधाला जास्त आणि गरिबाच्या दुधाला कमी. यंत्र आलं, आकडा थेट मोबाइलवर जाऊ लागला, आणि एका म्हशीवर जगणारी घरंसुद्धा सावरली. हे खरंच घडलं.

यंत्राला दोन बटणं होती, गायीचं आणि म्हशीचं. सकाळी आधी गायीचं दूध घ्यायचं, मग बटण बदलून म्हशीचं. गावात एक विधवा होती, तिची एकच म्हैस. लोकांच्या रानात भांगलणीला, तण काढायला जायची घाई म्हणून ती गायवाल्यांच्या रांगेतच यायची. तिच्यापुरतं मी बटण बदलायचो. त्या दिवशी विसरलो. गायीच्या बटणावर म्हशीच्या दुधाचा हिशोब चुकतो; यंत्रानं दुधात पाणी दाखवलं.

"म्हस हाय का दारात हापसा बांधलायस?" मी ओरडलो. रांग खदाखदा हसली.

"दादा, घरला चला. तुमच्याम्होरं पिळून दावते की."

"यंत्र खोटं बोलत न्हाय. तू बोलतीस."

किटली मी तिलाच गटारीत ओतायला लावली. उद्यापासून यायचं नाही, असंही सांगितलं.

गायीचं दूध संपलं. बटण बदलायला बोट नेलं तेव्हा कळलं. ती अजून दारातच उभी होती, रिकामी किटली धरून. मी बटण दाबलं आणि पुढच्याला म्हणालो, "चला, आटपा."

लोकांचा यंत्रावरचा विश्वास उडेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला माझी अब्रू प्यारी होती. 'पाणीवाली' म्हणून तिचं दूध गावात कुणी घेईना. तिनं म्हैस विकली आणि कागलच्या एमआयडीसीत कॅन्टीनची भांडी घासायला गेली.

गेल्या महिन्यात तिची खोली शोधत गेलो. "बाई, तुमचं दूध चोख होतं, चूक माझी होती," एवढंच बोलायचं होतं. तिनं दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"कोण पायजे, पावणं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "पत्ता चुकला."