कचऱ्याच्या गॅसवरचा पाहुणचार

नांदेड सोडलं तेव्हा बूट, केस आणि चष्मा यांच्यावर सारखाच भुसा होता. सकाळी गावाबाहेरच्या एका कारखान्यात पऱ्हाट्या (कापूस वेचून उरलेली झाडं) आणि सोयाबीनचं भुसकट दाबून 'पांढरा कोळसा' करताना पाहिला होता. बॉयलरमध्ये तो दगडी कोळशाच्या जागी जळतो. "जवळून बघू का?" असं मीच हौसेनं विचारलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार!

बस लोहा, अहमदपूर करत लातूरला निघाली. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आला होता. खिडकीतल्या वाऱ्यानं निम्मा भुसा तरी उडाला.

लातूर शहराबाहेरच्या गॅस प्रकल्पात सरूबाई भेटल्या. पूर्वी त्या खांद्यावर पोतं टाकून उकिरड्यावर भंगार वेचत. आता हातमोजे घालून ओला कचरा निवडतात. भाजीबाजारातला आणि हॉटेलांमधला हा कचरा बंद टाकीत कुजतो आणि त्याचा गॅस होतो. त्यांची मुलगी प्रज्ञा याच टाकीवर ऑपरेटर आहे.

त्या दिवशी मात्र सरूबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. प्रज्ञाला बघायला औशाहून पाहुणे यायचे होते, आणि बाईंनी त्यांना घरी न बोलावता इथेच बोलावलं होतं.

"इथं?" मी चाटच पडलो.

"मग? पोरगी म्हणती, लगीन झालं तरी काम सोडणार न्हाई. मागचं स्थळ कचऱ्याचं नाव ऐकूनच मोडलं. आता जे हाय ते समोरच ठिवते."

शेडमधल्या शेगडीवर, त्याच गॅसवर, त्यांनी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ) परतायला घेतली. फोडणीचा वास असा सुटला की भीड सोडून पहिली बशी मीच उचलली.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई गंगाबाई आणि मामा. जयभीम झाला, बश्या फिरल्या. मामांनी शेगडीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

"आमचं खाऊन झालंय," ते म्हणाले. मुलगा आईकडे बघत राहिला.

मला मामांचा भयंकर राग आला. सरूबाई पदराला हात पुसत राहिल्या. हात केव्हाच कोरडे झाले होते. प्रज्ञानं मात्र मान खाली घातली नाही.

गंगाबाईंनी आपली बशी सावकाश संपवली. मग विचारलं, "औशाहून हितं रोज येणं जमंल का?"

सरूबाईंचा चेहरा उजळला. "हाव, बस हाय की! पोरगी लई काटक हाय."

"पोरीचं कशाला इचारू? ती तर येईलच. मी माझं इचारायलेय. लोकाच्या रानात खुरपून कंबर गेली माझी. हितं सावली तरी हाय. घेतील का मला?"

मामांनी निमूटपणे बशी उचलली.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी लातूरला काय पाहिलं ते विचारलं. मी टाकी, गॅस असं सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. सुनेनं नोकरी सोडावी म्हणून अडून बसलेल्या सासवा आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. सुनेच्या शेजारी आपल्यालाही काम मागणारी मी पहिल्यांदाच पाहिली.