धुऱ्यावरचं पाणी

त्या दिवशी सकाळी मावशीच्या सुनेचा फोन आला, "आत्या गेल्या." यशोदामावशीला जाऊन आता महिना होत आला, तरी मुकुटबनच्या बाजारात मागून कुणी हाक मारली की मी अजून वळून बघते.

मी बंजारा तांड्यातली, ती बौद्ध. कापूस वेचायला आम्ही एकाच टोळीत जायचो आणि टोळीची म्होरकी ती. ती वर्षं कापसाचा भाव पार पडल्याची. कुठं वेचणी निघाली की बायका जीव टाकून पळायच्या. अशा दिवसांत या बाईनं पाण्यावरून भांडण काढलं! एका वावरात आम्हा तांड्यातल्यांना गिलासानं पाणी मिळे, तिला आणि तिच्या घरच्या बायकांना वरून ओंजळीत. मावशीनं धुऱ्यावरच, म्हणजे वावराच्या बांधावरच, सांगून टाकलं, "मी ओंजळीनं पेणार नाही. मीबी माणूसच हाय ना."

पुढच्या हंगामात सीतादहीच्या दिवशी, म्हणजे पहिल्या वेचणीला वावरात दहीभात शिंपडतात तेव्हा, मालकीणबाई हसतमुखानं एक कोरा स्टीलचा गिलास घेऊन आल्या. "घे यशोदा, तुमच्यासाठी खास आणला." आम्हाला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. मावशीनं गिलास फिरवून पाहिला आणि परत दिला. "बाई, येगळा कायले आणला? हाये तोच द्या ना." झालं! टोळीचं काम त्याच दिवशी गेलं. परतताना माझी याडी, म्हणजे आई, तिच्यावर करवादली, "गिलास त भेटला होता वं! काहून अडून राह्यली? लेकरं काय खातीन आता?" मावशीच्या घरीही खाणारी तोंडं होतीच की.

पुढं तालुक्याला मानवी हक्कांवर कार्यक्रम झाला. पाहुणे छान बोलले, जगातल्या प्रत्येक माणसाला सारखे हक्क वगैरे... मावशी उठली, "साहेब, ते आमच्या धुऱ्यापर्यंत कधी येतीन?" लोक हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. आता शाळेत सगळी पोरं एकाच नळावर पाणी पितात, हे खरं. पण कुणी कुणाच्या घरात कुठवर यायचं, ते अजून ठरलेलंच आहे. पुढं काय होईल, मला खरंच सांगता येत नाही.

मावशीच्या जलदानविधीला, म्हणजे बौद्धांकडच्या दिवसकार्याला, मी याडीला घेऊन गेले. उभा जन्म एका टोळीत गेला, पण या घरात ती कधी पाण्याला थांबली नव्हती. आमच्या तांड्यातही तीच शिवाशिव चालायची, खोटं कशाला बोलू? वंदना संपली, लोक जेवायला उठले. याडी भिंतीला टेकून मावशीच्या फोटोकडं पाहत बसली होती. एकाएकी सुनेला म्हणाली, "पोरी, मले पाणी दे."

सून गडबडली. पाहुण्यांसाठी आणलेला गिलास काढायला ती आत वळली, तेवढ्यात याडीनं तिचा हात धरला.

"तो नको. यशोदा ज्यानं पेत होती, तो दे."

सुनेनं तोच भरून दिला. याडीनं गिलासाला ओठ लावले आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.