नणंदेनं सांधलेली शेगडी

नाशिकात जी माणसं तोंडावर हात न धरता मोकळी हसतात, त्यांतल्या निम्म्यांचं हसू माझ्या थोरल्या नणंदेनं घडवलेलं आहे. यात अतिशयोक्ती असलीच तर ती माझी, त्या स्वतः एवढंच सांगतात, "मी दात करते." उभी हयात त्यांनी रविवार कारंज्याजवळच्या एका लॅबमध्ये दातांच्या कॅपा आणि कवळ्या करण्यात घालवली. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडांचे साचे यायचे आणि ताई चिनीमातीची पूड पाण्यात कालवून, बारीक ब्रशनं थरावर थर चढवून, भट्टीत भाजून दात परत पाठवायच्या. त्यामुळे झालंय असं, की त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, दात राहतात. देवळाली कॅम्पला, त्या राहतात तिथल्याच एका लग्नात, पंगतीत समोर बसलेल्या परक्या गृहस्थांकडे त्या एकटक बघत राहिल्या. गृहस्थ अवघडले, त्यांच्या बायकोची नजर बदलली. मी कोपरानं ढोसलं, तेव्हा ताई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "वरचा डावा सुळा. माझा आहे. लाडू कसा फोडतोय बघ."

कुणाच्या हातून काही फुटलं, की बाकीचे फोडणाऱ्याकडे बघतात. ताई फुटलेल्या वस्तूकडे बघतात. त्यांच्या लेखी फुटण्याचे दोनच प्रकार, चांगलं आणि वाईट. माझ्या लग्नाला महिना झाला नसेल, माझ्या हातून सासूबाईंची लोणच्याची बरणी सुटली. मी रडायच्या बेतात होते. ताईंनी फरशीवर बसून तुकडे जुळवून पाहिले आणि म्हणाल्या, "सुरेख फुटलीय गं. एवढासाही चुरा नाही." त्या घरात माझं असं पहिलं कौतुक झालं. दोन दिवसांत बरणी फळीवर परतली आणि सासूबाईंना आजतागायत पत्ता नाही. ताईंच्या स्वतःच्या घरात बिनसांध्याचा कप शोधावा लागतो. पाहुण्यांना त्या मुद्दाम सांधलेल्या कपातूनच चहा देतात आणि कुठं थेंब झिरपतोय का म्हणून शेवटच्या घोटापर्यंत कपाच्या बुडाखाली बघत बसतात.

पण त्यांची खरी परीक्षा झाली ती आमच्या शेगडीपायी. कंपनी बंद पडल्यावर माझ्या नवऱ्यानं गंगापूर रोडला कोळशावर भाजलेल्या पदार्थांचं छोटं दुकान टाकलं. त्याचा सगळा जीव एका चिनीमातीच्या शेगडीत. कमरेएवढी उंच, हिरवीगार, मोठ्या अंड्यासारखी. झाकण लावलं की आत कोंबडी, पनीर, कणसं असं काही भाजून निघतं, की रस्त्यावरचा माणूस गाडी वळवतो. इगतपुरीकडचं एक रिसॉर्ट मोडीत निघालं, तिथून त्यानं ती आणली होती. अशात पहिलं मोठं काम मिळालं. रविवारी साखरपुडा, ऐंशी माणसं. आणि सोमवारी शेगडी नव्या शेडमध्ये ढकलत नेताना तिचं चाक खड्ड्यात गेलं नि ती आडवी झाली. झाकण वाचलं, पण पोटाला काठापासून खालपर्यंत तडा गेला, आणि ज्यात निखारे राहतात ते आतलं मातीचं भांडं तीन तुकडे होऊन पडलं. सुटे भाग विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं, "परदेशातून येईल. दीड महिना धरा." नवरा जेवला नाही. "साखरपुड्याला नाही म्हणून कळवतो," म्हणाला, "आणि नोकरी बघायला लागतो." मी ताईंना फोन केला.

मंगळवारी सकाळी त्या बसनं आल्या, पिशवीत ब्रशांचा जुडगा आणि डोळ्याला लावायचं भिंग. आल्या आल्या त्यांनी चमच्याच्या दांड्यानं शेगडी सगळीकडून वाजवून ऐकली. मग म्हणाल्या, "पडली चांगली आहे. आवाज फक्त इथंच बद्द येतो."

नवऱ्यानं नळाच्या सांध्याला लावतात तो मसाला आणून ठेवला होता. ताईंनी तो परत केला. "हा पेटवल्यावर जळेल, आणि धूर लोकांच्या जेवणात जाईल." त्यांनी त्याला अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीत पिटाळून धातूच्या भट्ट्यांना लावतात ते सिमेंट आणवलं. तोवर आम्ही दोघींनी तुकड्यांची काजळी घासून काढली. मग त्यांनी कडा ओल्या केल्या, सिमेंट कालवलं आणि पोटाचा तडा असा भरला, की पुढं उरली ती केसाएवढी रेघ. बाहेरून पोलादी पट्टा आवळला. आतल्या भांड्याचे दोन सांधे जोडले आणि ब्रश खाली ठेवला.

"तिसरा राहिला," नवरा म्हणाला.

"तो उघडाच राहणार."

"अगं ताई, तीच तर सगळ्यात मोठी भेग आहे."

"गरम झाली की माती फुगते. तिला सरकायला जागा नको? सगळीकडून आवळलंस तर आपल्याच जोरानं फुटेल. दात असेच फुटतात. सुरुवातीला मीही पुष्कळ फोडलेत."

दोन दिवस त्यांनी शेगडीला कुणाला हात लावू दिला नाही. शुक्रवारी ओंजळभर निखारे घातले, शनिवारी थोडे अधिक. नवऱ्याला धीर धरवेना, एकदा पूर्ण पेटवून बघू म्हणाला. ताई स्टूल ओढून शेगडीपुढं बसल्या आणि संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. मी त्यांना चहा तिथंच नेऊन दिला.

रविवारी शेगडी पाच तास पेटलेली होती. नवरा सारखा वाकून ती रेघ बघायचा आणि परत सरळ व्हायचा. रेघ होती तेवढीच राहिली. जेवणं उरकल्यावर मुलाच्या वडिलांनी शेगडीचं कौतुक केलं, तेव्हा माझा नवरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या बहिणीनं सांधलीय. आम्ही तर टाकूनच दिली होती." आणि हात धरून त्यानं ताईंना पुढं आणलं. त्या लाजल्या. मला मात्र ही बाई माझी नणंद आहे, हे मांडवातल्या प्रत्येकाला वेगळं गाठून सांगावंसं वाटत होतं. चार-पाच जणांना सांगितलंही.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. दुकान चांगलं चालतं. या उन्हाळ्यात काठाजवळ बोटभर नवी भेग दिसली, म्हणून ताई आल्या. भिंग लावलं, ब्रश उचलला आणि थांबल्या. त्यांचा उजवा हात हल्ली थरथरतो. त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "मी सांगते, तू भर." मी भरत गेले, त्या खांद्यावरून वाकून सांगत राहिल्या, "हळू. आत दाब. आता ओलं बोट फिरव." माझी रेघ जाड आली, वाकडीही आली. पुसून पुन्हा करते म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे, धरेल ती." मग त्यांनी ब्रश धुतला, पदराला पुसला, क्षणभर हातात धरला, आणि आपल्या पिशवीत न टाकता आमच्या फळीवर ठेवून दिला.